आंबिल ओढ्याला भिंती घालून पूर थांबत नसतो, तो मेसेज पुढे पाठवू नका

हा मेसेज मला आत्याने पाठवला. ती पुण्यात धनकवडीच्या बाजूला राहते, सोसायटी ओढ्याला लागूनच, आणि आता त्याच मेसेजवरून तिथे पत्र तयार करून सह्या गोळा करणं चाललंय. नुसता फॉरवर्ड असता तर सोडून दिलं असतं, पण लोक सह्या करतायत म्हटल्यावर लिहायलाच पाहिजे.

मेसेज लांबलचक आहे, सार असं: २०१९ चा पूर म्हणजे ढगफुटी, त्यात कुणाचाच दोष नाही. आंबिल ओढा सरळ करून दोन्हीकडून काँक्रीटच्या उंच भिंती घातल्या की पूर कायमचा बंद. कात्रजकडच्या टेकड्या म्हणजे नुसतं गवत आणि मुरूम, तिथे रस्ते आणि घरं झाली तर काही बिघडत नाही. आणि टेकड्या वाचवा म्हणणाऱ्यांना विकासच नकोय.

ढगफुटीचं आधी. हवामान खात्याच्या हिशोबाने साधारण २०-३० चौरस किमी भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. २५ सप्टेंबर २०१९ ला शिवाजीनगर वेधशाळेत अख्ख्या २४ तासांत मिळून १०० मिमी भरले नव्हते. कात्रजच्या बाजूला त्याहून जास्त पडला आणि रात्री थोड्या वेळात धो धो पडला, हे मान्य, पाऊस मोठा होताच. पण शहर आणि आसपास मिळून २० च्या वर माणसं गेली त्या रात्री, आणि एकदा ढगफुटी म्हणून मोकळं झालं की पात्रात भराव कुणी टाकला, ओढ्याच्या काठावरचं बांधकाम कुणी पास केलं, हे कुणी विचारतच नाही.

आता भिंती. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा येतो, कारण घाबरलेल्या माणसाला हेच पटतं. आत्यालाही पटलं, आणि तिची चूक नाही, घरात पाणी शिरलेल्या माणसाला भिंत हवीशी वाटणारच. पण ओढा कुठून येतो ते बघा ना. कात्रजच्या डोंगरातून निघतो, तिथले दोन तलाव, मग बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीच्या पायथ्याने दांडेकर पूल आणि पुढे मुठा नदी. वळणं, झुडपं, दगडगोटे, काठावरची मोकळी जागा यांच्यामुळे पाणी अडखळत येतं, थोडं इकडेतिकडे पसरतं. तेच सरळ, गुळगुळीत, अरुंद काँक्रीटमधून सोडलं की घसरगुंडीवरून आल्यासारखं सुसाट खाली येतं, आणि डोंगरापासून खालपर्यंतचं सगळं पाणी एकाच वेळी पुलांच्या तोंडाशी जमा होतं. म्हणजे वरच्या सोसायटीचा त्रास दांडेकर पुलाच्या वस्तीत नेऊन टाकायचा. त्याच वेळी खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं असेल तर मुठाही फुगलेली, मग ओढ्याचं पाणी जाणार कुठे, मागेच येणार.

शिवाय भिंत उंच झाली की गल्ल्यांमधलं पावसाचं पाणी ओढ्यात उतरत नाही, ते भिंतीच्या अलीकडेच साठतं, थेट तुमच्या पार्किंगमध्ये. आणि भिंत पडते तेव्हा काय होतं? अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत त्या रात्री भिंत कोसळूनच माणसं गेली. जिथे काठ खचून बिल्डिंगचा पाया उघडा पडलाय तिथे तेवढ्यापुरती संरक्षक भिंत लागेल, त्याला कुणाचा विरोध नाही. अख्खा ओढा पेटीत घालणं ही वेगळी गोष्ट आहे. ओढा सरळ करायचा म्हणून जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला घेतली होती, कोर्टाने त्याच दिवशी स्थगिती दिली. दरवेळी घर जातं ते त्याच लोकांचं, वरचा डोंगर फोडणाऱ्याला कुणी हात लावत नाही.

आणि टेकडीवर नुसतं गवत आहे म्हणे. गवतच हवंय हो! एक हेक्टर उतारावर ५० मिमी पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर. गवत आणि मुरूम असेल तर त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं सावकाश उतरतं. तिथेच डांबर, पेव्हर ब्लॉक आणि गच्च्या झाल्या की जवळपास सगळंच्या सगळं काही मिनिटांत ओढ्यात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच खोऱ्याचं पाणी कात्रजला तलावात अडवून जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं, वरचं पाणी वरच थोपवायचं हे अठराव्या शतकात कळत होतं.

प्लॉटिंग कसं होतं ते बाह्यवळण रस्त्यावरून जाताना कुणालाही दिसेल. जेसीबी उतार उभा कापतो, निघालेला मुरूम ट्रकने नेणं महाग म्हणून शेजारच्या घळीतच ढकलतात, त्यावरून कच्चा रस्ता काढतात आणि घळीच्या पाण्यासाठी खाली एखादा सिमेंटचा पाइप टाकतात. पहिल्याच मोठ्या पावसात मुरूम, प्लास्टिक, फांद्या अडकून पाइप बंद, पाणी मागे तुंबतं आणि भराव फोडून एकदम सुटतं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याच्या पलीकडे शिंदेवाडीला बेकायदा डोंगर फोडल्यामुळे पाणी आणि चिखल थेट सातारा हायवेवर आला आणि एक आई आणि तिची लहानगी वाहून गेली. तो उतार आंबिल ओढ्याचा नाही, पलीकडचा आहे, पण अलीकडे आता तेच चाललंय. एकास पाचपेक्षा (पाच फुटांमागे एक फूट चढ) जास्त उतारावर बांधकाम नको हा नियम आहे. १९९७ ला शहरात आलेल्या २३ गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे, २०१५ ला सरकारने ते मान्यही केलंय. नवीन कायदा कुणी मागत नाहीये, आहे तो पाळा.

राहिला विकास. कात्रज चौकात रोज अडकणाऱ्यांना रस्ता हवाय, मलाही हवाय, तिथली कोंडी खोटी नाही. पण नवीन रस्ता टेकडी आडवी कापून नेला की कडेने प्लॉट पडणारच, हे बाह्यवळणाला आपण बघितलंय. आहे तोच रस्ता रुंद करा, आणि जिथे जिथे तो घळ ओलांडतो तिथे पाइप काढून पूर्ण रुंदीचा पूल टाका. घळीतला मुरूम पावसाळ्याआधी ज्याने टाकला त्याच्याच खर्चाने उचलायला लावा, कात्रजच्या तलावांतला गाळ काढा. सोसायटीच्या पत्रात भिंतीच्या जागी हे लिहा, पहिली सही माझी आत्याच करेल, तिच्याशी बोलणं झालंय.