बर्फावर साडी चालते

गेल्या आठवड्यात नागपुरात बर्डीच्या बाजारात एक जुनी मैत्रीण भेटली. सोबत तिची आई. काकूंचं वय ६८, जन्म साडीत गेलेला. मे महिन्यात स्वित्झर्लंड-इटलीला चाललेत म्हणून काकूंसाठी जीन्स शोधणं सुरू होतं. काकू ट्रायल रूममधून बाहेर आल्या त्या दोन्ही हातांनी टॉप खाली ओढतच. मैत्रीण मला म्हणते, "तिकडे साडी कुठं चालते गं!" दुकानात मी काही बोलले नाही. पण राहवत नाहीये. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडेच निघालो तेव्हा आमच्या घरी हेच झालं होतं. दादानं घरच्या ग्रुपवर यादी टाकली, त्यात पहिलीच ओळ, 'आई, साड्या नको.' आईनं वाचलं आणि विचारलं, "काहून? बर्फ काय माणसाचे कपडे पाहून वितळतो का?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. तरी दोन पँट घेतल्याच. त्या अजून घडी न मोडता कपाटात आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बॅग भरतो ती हवामान पाहून नाही, 'तिकडे कसं दिसेल' हे पाहून. आणि थंडीचा विचार केलाच तर भीतीपोटी एक भलंमोठं जाकीट घेतो. तेही नेमकं एप्रिलमध्ये. नागपुरात एप्रिलमध्ये गरम कपडे मागितले की दुकानदार तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहतो ना! तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं कधीचीच उठलेली असतात. आमच्यासाठी एकानं माळ्यावर पोरगा चढवून धुळीचं खोकं उतरवलं. बाहेर ४३ अंश. घरी येऊन दादानं ते लाल जाकीट कूलरसमोर उभं राहून घालून पाहिलं, आणि दोन मिनिटांत घामाघूम होऊन म्हणाला, "मस्त गरम आहे!" अरे भाऊ, एप्रिलच्या नागपुरात बनियनसुद्धा गरमच असतं.

आपली थंडी कोरडी असते. पहाटे हुडहुडी भरते, अकराला ऊन पडलं की स्वेटर कमरेला. तिकडे एका दिवसात दोन-तीन ऋतू होतात. आम्ही सकाळी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन गावात होतो तेव्हा १५ अंशांच्या आसपास, रिपरिप पाऊस. दुपारी डोंगर चढणाऱ्या रेल्वेगाडीनं युंगफ्राऊयोखला, म्हणजे आल्प्सच्या बर्फात ३४५४ मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर, तिच्या दुपटीहून उंच. साधारण एक किलोमीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली १५ असेल तर वर शून्याच्या खाली. त्यात वारा. पण मधली गाडी आणि वरची इमारत मात्र उबदार! जाडजूड जाकिटाखाली नुसता सुती टी-शर्ट घातलेला दादा गाडीत घामानं भिजला, आणि बाहेर बर्फावर तोच ओला टी-शर्ट पाठीला गार चिकटला. सुती कापड घाम पितं आणि लवकर वाळत नाही. इथं उन्हाळ्यात ते वरदान, तिथं शिक्षा. म्हणून अंगालगत थर्मल, वर लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं हलकं जाकीट. ऊब कपड्यांच्या मधे अडकलेल्या हवेची असते. आणि गाडीत बसलं की एकेक थर काढता येतो.

आता आईचं ऐका. परकराच्या आत थर्मल, ब्लाऊजच्या आतही थर्मल. साडी जॉर्जेटची, कारण भिजली तरी हॉटेलच्या खुर्चीवर रात्रीतून वाळते. नेसली घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे काठ बर्फात लोळणार नाही. पदर पोटाशी गुंडाळून आत, त्यावर स्वेटर, त्यावर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. पायात बूट. अडचण आली ती फक्त जोडव्यांची, मोज्यात अडकत होती. त्यावर तिनं बोटांना पातळ कापडी पट्टी गुंडाळली आणि वरून मोजे चढवले. जोडवी काढायचा विषय काढायची आमची हिंमत नव्हती. वर अर्धा तास बर्फावर फिरली, आणि 'चला आता आत' असं पहिलं म्हणाला तो दादा.

रोममध्ये तर कहरच. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायका-पुरुष सगळ्यांनाच. रांगेत एवढा वेळ उभं राहून दारापाशी आमचा भाचा अडला, हाफ पँटमध्ये. साडीतली आजी पुढे निघून गेली होती. शेवटी तिचीच शाल मागवली, भाच्यानं लुंगीसारखी गुंडाळली आणि तसाच दर्शन घेऊन आला. त्याचा तो फोटो आजही ग्रुपवर फिरतो.

बुटांचं एक सांगते. नवे कोरे नेऊ नका. आईला दोन महिने आधी घेतले होते, रोज सकाळी फुटाळा तलावाच्या काठानं फिरून ते पायात बसवले. रोमच्या दगडी रस्त्यांवर वहिनीच्या नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाचा सोलल्या. बाकी, आठ दिवसांना आठ ड्रेस लागत नाहीत. विमानात सोबत ठेवायच्या केबिन बॅगेला बऱ्याच कंपन्या सात किलोच देतात, त्यात एक जोड कपडे आणि गरम कपडे ठेवाच, मोठी बॅग उशिरा आली तर निभतं.

परवा त्या मैत्रिणीला फोन करून हे सगळं सांगितलं. जीन्स परत होणार नाही म्हणाली, बिलावरच लिहिलंय. पण काल संध्याकाळी काकू स्वतः आमच्याकडे आल्या. आईनं थर्मलचा जोड पिशवीत घालून दिला, पदर कसा खोचायचा ते स्वतः नेसून दाखवलं, आणि फाटकापर्यंत सोडायला जाताना म्हणाली, "हातानं धुवा बरं, मशीनमध्ये टाकू नका."