16 तास वाल्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री पावणेदोनला मावसभावाने एक मेसेज फॉरवर्ड केला. तोच तो, तुम्हालाही कुठून ना कुठून आलाच असेल. थोडक्यात म्हणणं असं, की बर्नआउट (म्हणजे सतत राबून राबून पार विझून जाणं) हा आळशी लोकांनी काढलेला शब्द आहे, खरा विद्यार्थी 16 तास बसतो आणि 4 तास झोपतो, तू ब्रेक घेतलास की दुसरा पुढे गेला, थकवा येतो म्हणजे मोटिवेशन कमी पडतंय, आणि सहा महिने मर, मग आयुष्यभर आराम. खाली आगीचे तीन इमोजी. भाऊ स्वतः एन्ट्रन्सची तयारी करतोय, म्हणून जरा नीट लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजला कोण उत्तर देतं.

पहिलं, आळशी लोकांचा शब्द. हा शब्द मानसशास्त्रात रुळवला हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, 1974 मध्ये. तो दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी न्यूयॉर्कच्या एका फुकट दवाखान्यात काम करायचा, आणि तिथे जे लोक सगळ्यात जीव तोडून राबायचे तेच हळूहळू विझत जाताना त्याने पाहिले, त्यात तो स्वतःही होता. आळशी माणसाला बर्नआउट कशाला होईल, जळायला आधी पेटावं लागतं ना. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईने याची तीन लक्षणं मांडली: पार गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि 'मला काहीच जमत नाही' असं वाटायला लागणं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही आणि तो शब्द नोकरीपुरताच वापरते, पण संशोधकांनी 2002 मध्ये हीच तीन लक्षणं मोजायची प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी बदलून घेतली, कारण तिथेही हेच दिसत होतं.

दुसरं, 16 आणि 4. बेरीज करा, 20 झाले. उरलेल्या 4 तासांत आंघोळ, जेवण, येणंजाणं आणि घरच्यांशी भांडण. बरं ते जाऊ दे, झोपेचं बघू. 2003 मधला एक प्रयोग आहे, लोकांना 14 दिवस रोज 4, 6 किंवा 8 तास झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष, स्मरण वगैरे तपासलं. 6 तासवाल्यांचीसुद्धा अवस्था शेवटी रात्रभर जागलेल्या माणसासारखी झाली, 4 तासवाल्यांची त्याहून वाईट. पण खरी गंमत पुढे आहे, त्यांना स्वतःला वाटत होतं की फार काही बिघडलेलं नाही, सवय झालीये! म्हणजे 'मला 4 तास पुरतात' असं जो सांगतो तो खोटं बोलत नसेलही, पण ते कळायला जी शुद्ध लागते तीच झोपेअभावी गेलेली असते. आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे झोप कापणं म्हणजे लिहिलेली फाईल सेव्ह न करताच लॅपटॉप बंद करणं.

तिसरं, ब्रेक घेतला की मागे पडलास. यावर माझं स्वतःचंच उदाहरण देतो. मी परीक्षा दोनदा दिली. पहिल्या वेळी मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, मार्क घसरायला लागले की मी तास वाढवायचो, मार्क अजून घसरले की अजून तास, शेवटी शेवटी तर एकच पान चार वेळा वाचून पाचव्यांदा पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटायचं. बसलोय म्हणून अभ्यास होतोय एवढंच समाधान. नंतर कळलं की यावरही प्रयोग झालेत. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा परत परत वाचायला लावला आणि दुसऱ्या काहींना एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहायला लावला. आठवड्याने परत परत वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि इथेही तेच, जास्त कॉन्फिडन्स कोणाला होता? वाचणाऱ्यांना. तर मागे कोण पडतं हे खुर्चीतल्या तासांवरून ठरत नाही.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगतो, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. आधी झोप सरळ केली, बाकी काहीच नाही. पहिला आठवडा नवीन चॅप्टर पूर्ण बंद, फक्त जुन्या मॉकमधल्या चुका, त्याही दोन-दोन तासांच्या दोन बैठकांत. आठवड्यातला एक दिवस पुस्तक नाही, आणि त्या दिवशी टॉपर लोकांचे व्हिडिओही नाहीत, हे जास्त अवघड गेलं राव. साधारण तीन आठवड्यांनी पहिल्यांदा एक गणित सोडवताना मजा आली.

मोटिवेशनचा मुद्दा एका वाक्यात संपतो: ज्याला मोटिवेशन नाही तो रात्री पावणेदोनला असले मेसेज वाचत बसत नाही.

'सहा महिने मर' हे मात्र हसण्यावारी नेणार नाही. कष्ट लागतात हे मान्य, कोण नाही म्हणतंय. पण दोन-तीन दिवस नीट आराम करून उतरतो तो थकवा. आराम करूनही उतरत नसेल, दोन आठवडे मन सतत उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील तर तो टाइमटेबलचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरला किंवा काउन्सेलरला भेटायचं. आणि मरण्याचे विचार खरोखर येत असतील तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला सांगायचं, परीक्षा संपायची वाट बघायची नाही.

भावाला हे एवढं लांबलचक पाठवलं नाही. फक्त लिहिलं, 'काल वाचलेल्यातलं पुस्तक न उघडता दहा ओळी लिहून पाठव, पण आत्ता नको, सकाळी.' त्यावर रात्री काही उत्तर आलं नाही, झोपला असेल तर बरंच आहे.