कडू दाणा

परवा फडताळात मागे सरकलेला एक डबा निघाला. आत दीडेक किलो शेंगदाणे. झाकण नीट बसलं नसणार, अख्खा पावसाळा दमट हवा आत जात राहिली. वरचे दाणे बरे दिसत होते, पण खाली हात घातला तर गोळे झालेले आणि काहींच्या टोकाला हिरवट-पिवळी भुकटी. डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा करणार, तेवढ्यात कामाच्या मावशी म्हणाल्या, "अहो ताई, टाकताय कशाला? द्या की मला. उन्हात घालते, निवडून भाजते. कुटाला होतील."

मी नाही म्हटलं. आता कारण सांगायला गेले तर "विषारी असतं ते" याच्यापुढे मला काही सांगताच येईना. मावशींना वाटलं, ही चिकटपणा करतेय. तेव्हा जे त्यांना धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय. लांबलंय, इलाज नाही.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मरायला लागले. एक लाखाच्या वर गेले. रोगाचं नाव काय ठेवावं तेही कळेना, म्हणून नुसतं 'टर्की एक्स' म्हणत. शोधत शोधत माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी होती आणि त्या बुरशीने तयार केलेलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. बुरशीच्याच नावातून 'अ' आणि 'फ्ला' उचलून केलेलं नाव.

यात मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले जेराल्ड वोगन. 1963 मध्ये त्यांनी जॉर्ज ब्यूकी या रसायनशास्त्रज्ञाबरोबर या विषाची रचना उलगडली आणि पुढची कित्येक वर्षं याच एका रेणूचा पिच्छा पुरवला. त्यांच्या प्रयोगात ज्या उंदरांच्या खाण्यात अफ्लाटॉक्सिनचं प्रमाण अब्जात शंभर भाग होतं, त्या 28 च्या 28 उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. अब्जात शंभर म्हणजे किती? दहा टन धान्याचा ट्रक भरा आणि त्यात हे विष मिसळा एक ग्रॅम. तेवढं.

आता पेशीत काय होतं ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे (गंमत म्हणायला जीभ अडखळते). मूळ विष फारसं चिकटणारं नसतं. बाहेरून आलेली अशी नको ती वस्तू यकृत पाण्यात विरघळण्याजोगी करून बाहेर घालवायला बघतं. त्यासाठी त्याची विकरं (एन्झाइम्स) त्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात, आणि तिथेच घात होतो. त्या ऑक्सिजनमुळे रेणू असा खवळतो की डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला जाऊन चिकटतो. म्हणजे घर झाडायला घेतलं आणि झाडूनेच आग लावली. पेशी पुढे त्या डीएनएची नक्कल करताना कधी कधी चुकते, 'जी'च्या (म्हणजे ग्वानिनच्या) जागी 'टी' हे दुसरंच अक्षर लिहून बसते. आणि ही चूक कुठेही होत नाही! 1991 मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा पी53 या पेशींच्या राखणदार जनुकात बऱ्याच जणांना एकाच ठिकाणी, 249 क्रमांकाच्या शब्दात, हीच चूक सापडली. अन्नातलं विष जनुकात नेमक्या कुठल्या अक्षरावर बोट ठेवतं हे इतकं स्वच्छ दिसल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

पण वोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कमाल पुढे आहे. विष चिकटलेलं ग्वानिन पेशी पुष्कळदा काढून टाकते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. मग लघवीतच मोजा की! शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांच्या लघवीचे नमुने आधी घेऊन ठेवले आणि नंतर कोणाला यकृताचा कर्करोग होतो त्यावर नजर ठेवली. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या आणि शिवाय अंगात हिपॅटायटिस बीचा विषाणूही होता, त्यांचा धोका दोन्ही नसलेल्यांपेक्षा सुमारे साठपट निघाला. हिपॅटायटिस बीच्या लशीचं महत्त्व मला हे वाचून पटलं.

आता माझं भांडण. आपण मैद्याला शिव्या घालतो, अजिनोमोटोच्या नावाने बोटं मोडतो, 'केमिकल' म्हटलं की दचकतो. आणि हे जालीम विष शंभर टक्के नैसर्गिक आहे, कुठल्याही कारखान्यात बनलेलं नाही. लाकडी घाण्याच्या तेलाचे भक्त माझ्यावर चिडतील, पण रिफायनिंगमध्ये अफ्लाटॉक्सिन निघून जातं, घाण्याच्या तेलात दाणे खराब असतील तर ते थोडं उतरतं. घाणा वाईट असं मी म्हणत नाही. घाण्यात कुठले दाणे पडले ते विचारा, एवढंच. भाजल्याने विष कमी होतं, पण संपत नाही. आणि "खराब झालं, घाला म्हशीला" हेही चालत नाही, कारण तेच विष जरा रूप बदलून दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही.

आजी सूप घेऊन दाणे निवडायची. सुरकुतलेला, काळपट, भोक पडलेला दाणा बाजूला. एखादा तोंडात टाकायची आणि कडू लागला की थुंकून चूळ भरायची. तिला पी53 माहीत नव्हतं. पण तिच्याकडे टाकून द्यायला जास्तीचे दाणे होते, हेही खरं.

कारण 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात भिल्ल वस्त्यांत काय झालं? ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि मक्याला बुरशी धरली. लोकांना ती दिसत नव्हती थोडीच! पण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ, पोटात पाणी. 397 माणसं आजारी पडली, 106 गेली. त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन हे नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना चांगले किलोभर दाणे आणून दिले आणि जमेल तसं समजावलं. यकृत, बुरशी, भाजूनही जात नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्ही दिले होते ते पण असेच होते की. जरा कडू लागले, पण पोरांनी खाल्ले."