अध्यादेश नव्हे, जीआर म्हणा

“अमेरिकेत संसद आता नावालाच उरली आहे. राष्ट्राध्यक्षाने अध्यादेशावर सही केली की तोच कायदा. तिथे जन्मलेल्या भारतीय मुलांचं नागरिकत्व असंच एका सहीने गेलं. उद्या मनात आलं तर तो काँग्रेस बरखास्त करेल, राज्यांच्या राज्यपालांना घरी पाठवेल, आणीबाणी लावून निवडणूक पुढे ढकलेल. मुळात अमेरिका लोकशाही नाहीच, त्यांच्या घटनेत तो शब्दच नाही.”

हा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. मावशीने तो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “आपल्या नातीचं काय होणार रे?” नात न्यू जर्सीत जन्मलेली, आता शाळेत जाते. असल्या मजकुराने म्हाताऱ्या माणसांची झोप उडते, आणि पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीही मूळ कागद उघडून पाहिलेला नसतो.

आधी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या आदेशावरून हे उठलं त्याचा क्रमांक १४१६०, सही २० जानेवारी २०२५ ची. सहीनंतर ३० दिवस उलटल्यावर जन्मणाऱ्या मुलांनाच तो लागू, असं त्याच्या मजकुरातच लिहिलं आहे. म्हणजे आधी जन्मलेल्या एकाही मुलाबद्दल त्यात काही नाही. पुढच्या बाळांबद्दल त्याचं म्हणणं असं: आई बेकायदा राहत असेल किंवा एच-१बी, विद्यार्थी व्हिसा अशा तात्पुरत्या परवानगीवर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिकत्वाची कागदपत्रं देऊ नका. तिसऱ्याच दिवशी, २३ जानेवारीला, सिअॅटलच्या जिल्हा न्यायाधीशांनी तो रोखला. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की जिल्हा न्यायाधीशाने दाव्यातल्या पक्षांना दिलासा द्यावा, त्यापलीकडे सरसकट देशभर मनाई लावू नये. “आदेश वैध ठरला” ही आवई इथून उठली. आदेश घटनेत बसतो की नाही, हा प्रश्न त्या निकालात हाताळलेलाच नव्हता. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने बाधित मुलांचा एक गट मानून, सामूहिक दाव्याच्या वाटेने, पुन्हा मनाई दिली. आदेशाची गाठ आहे ती अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या, घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीशी, १८६८ सालच्या. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क त्याच दुरुस्तीच्या आधारे १८९८ मध्ये नागरिक ठरला.

आता सगळ्या घोटाळ्याचं मूळ. ते आहे एका चुकीच्या भाषांतरात. ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ला आपल्याकडे बातम्यांमध्ये सर्रास ‘अध्यादेश’ म्हणतात, आणि अध्यादेश म्हटलं की आपल्या डोक्यात कायदा येतो. ते बरोबरच आहे, कारण आपल्या राज्यघटनेच्या कलम १२३ प्रमाणे संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपतींनी काढलेल्या अध्यादेशाला कायद्याइतकाच जोर असतो. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. राज्यात कलम २१३ प्रमाणे राज्यपालांना हाच अधिकार आहे. या अधिकाराचा केवढा गैरवापर होऊ शकतो, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिलं. बिहारने १९६७ ते १९८१ या काळात काढलेल्या अध्यादेशांपैकी २५६ अध्यादेश पुन्हापुन्हा जारी करून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा-चौदा वर्षं. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली फसवणूक ठरवलं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा अधिकार घटनेने दिलेलाच नाही. तिथे कायदा करण्याचे सगळे अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे आहेत, आणि घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाची सुरुवातच या वाक्याने होते. विधेयक ४३५ सदस्यांचं प्रतिनिधीगृह आणि १०० सदस्यांचं सिनेट या दोन्हींत एकाच मसुद्यात मंजूर व्हावं लागतं. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागतात. मग ते राष्ट्राध्यक्षाकडे जातं. रविवार सोडून दहा दिवसांत त्याने सही करायची किंवा नकाराधिकार वापरून परत पाठवायचं. परत आलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर त्याच्या सहीशिवाय कायदा होतो.

मग एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे काय? आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय, आपला जीआर. ती मुख्यतः सरकारी खात्यांना उद्देशून असते: अमुक कायदा असा राबवा, तमुक समिती नेमा, हे परवाने थांबवा. रीत अशी की मसुदा राष्ट्राध्यक्षाच्या अर्थसंकल्प कार्यालयातून जातो, न्यायखात्यात तो कायद्यात बसतो का हे तपासलं जातं, सही होते, आणि मग ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात क्रमांक पडून तो छापला जातो. घाईत कायदेशीर तपासणी वरवर झाली की आदेश कोर्टात अडकतो. आणि कायदा मागे घ्यायला काँग्रेस लागते, तसं इथे नाही. पुढचा राष्ट्राध्यक्ष सही करून तो फिरवू शकतो. परदेशातल्या ज्या संस्था गर्भपाताचा सल्ला देतात त्यांना अमेरिकी निधी द्यायचा की नाही, या एका धोरणाचं पाहा. रेगन यांनी १९८४ मध्ये बंदी घातली, क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली, बुश यांनी २००१ मध्ये घातली, ओबामांनी २००९ मध्ये उठवली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये घातली, बायडेन यांनी २०२१ मध्ये उठवली, २०२५ मध्ये ती परत आली. जे इतक्या सहज येतं-जातं त्याला कायदा कसं म्हणायचं?

ज्यांना एवढ्याने पटत नाही त्यांनी १९५२ चा यंग्सटाउन खटला वाचावा. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि ९ एप्रिलला पोलाद कामगारांचा संप ठरला होता. पोलाद थांबलं तर दारूगोळा थांबेल, म्हणून ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश क्रमांक १०३४० काढून वाणिज्यमंत्री सॉयर यांना देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला लावले. युद्ध, राष्ट्रीय सुरक्षा, सेनापतीपद, सगळी कारणं हाताशी होती. आणि सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी, म्हणजे एकाच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. तरी २ जूनला निकाल ६ विरुद्ध ३ असा ट्रुमन यांच्या विरोधात गेला. न्यायमूर्ती ब्लॅक यांचं सूत्र साधं होतं: आदेशाला आधार एक तर काँग्रेसच्या कायद्याचा हवा किंवा घटनेचा, दोन्ही नसतील तर तो आदेश म्हणजे परस्पर केलेला कायदा. ट्रुमन यांनी कारखाने परत केले, संप झाला, आणि तो जवळजवळ आठ आठवडे चालला.

न्यायमूर्ती जॅक्सन यांनी त्याच निकालात स्वतंत्र मत लिहून तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने अधिकार दिला असेल तिथे राष्ट्राध्यक्षाचा जोर सर्वांत जास्त, काँग्रेस गप्प असेल तिथे संधिप्रकाश, म्हणजे अधिकार कोणाचा हे धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जाईल तिथे जोर सर्वांत कमी. ट्रुमन तिसऱ्या पायरीवर होते, कारण कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद १९४७ च्या कामगार कायद्यात घालायला काँग्रेसने नकार दिला होता. अधिकारांचे असे वाद आजही याच तीन पायऱ्यांवर तोलले जातात.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगायला हवं. पहिल्या पायरीवर राष्ट्राध्यक्ष खरोखरच फार बलवान असतो, आणि ते बळ काँग्रेसनेच वर्षानुवर्षं त्याच्या पदरात टाकलं आहे. स्थलांतराच्या १९५२ च्या कायद्यातलं कलम २१२(एफ) राष्ट्राध्यक्षाला परदेशी लोकांचा प्रवेश रोखण्याची मुभा देतं. त्याच कलमावर काही देशांच्या नागरिकांवरची प्रवेशबंदी २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. १९ सप्टेंबर २०२५ ची एच-१बीवरच्या १ लाख डॉलर शुल्काची घोषणाही त्याच कलमाखालची. त्या शनिवार-रविवारी किती मराठी घरांत तिकिटांची धावपळ झाली! रक्कम फक्त नव्या अर्जांवर आणि एकदाच, हा खुलासा मागाहून आला. तेव्हा ‘सहीने काही होत नाही’ असं मी म्हणत नाही. ज्याचं नुकसान होतं त्याला कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबणं परवडतंच असंही नाही.

आणीबाणीचं तर आणखी बिकट. १९७६ च्या कायद्यात काँग्रेस साध्या बहुमताच्या ठरावाने आणीबाणी संपवू शकत होती, राष्ट्राध्यक्षाला विचारण्याची गरज नव्हती. १९८३ मध्ये केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा यांच्या स्थलांतराच्या खटल्यात न्यायालयाने असे, राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना लागू होणारे ठराव घटनाबाह्य ठरवले. म्हणून १९८५ मध्ये कायदा बदलावा लागला आणि ठराव राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जाऊ लागला. परिणाम २०१९ मध्ये दिसला. सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते, ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प राहिलं, काँग्रेसने शेवटी १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारीला त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा वळवला. दोन्ही सभागृहांनी विरोधाचा ठराव मंजूर केला, त्यांनी नकाराधिकार वापरला, आणि दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. काळजी करायची तर या भगदाडाची करावी. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. तिजोरीच्या चाव्या राष्ट्राध्यक्षाकडे असत्या तर २०१९ चे ३५ आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले ४३ दिवस सरकार बंद राहिलंच नसतं.

बाकीच्या दाव्यांना फार शब्द नकोत. काँग्रेस बरखास्त करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. प्रतिनिधीगृहाची मुदत दोन वर्षांची, सिनेटरची सहा वर्षांची, दोन्ही ठरलेल्या. कामकाज केव्हा तहकूब करायचं यावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर तेवढ्यापुरतं तो ते तहकूब करू शकतो, आणि तेही आजवर कोणी केलेलं नाही. तिथला ‘गव्हर्नर’ राज्याच्या मतदारांनी निवडलेला असतो. आपल्या मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना करा, राजभवनातल्या राज्यपालांशी नको. राष्ट्रपती राजवटीसारखं कलम तिथे नाही. निवडणुकीचा दिवस, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, १८४५ पासून काँग्रेसच्या कायद्याने ठरलेला आहे. १८६४ मध्ये यादवी युद्ध पेटलेलं असतानाही निवडणूक झाली. निवडणूक लांबवली तरी राष्ट्राध्यक्षाची मुदत विसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे २० जानेवारीला दुपारी बाराला संपतेच.

‘लोकशाही’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत नाही, हे खरं. आधी सिनेटरसुद्धा राज्यांची विधिमंडळं निवडत, थेट मतदान १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने आलं. पण वंशपरंपरेने येणाऱ्या राजाशिवाय चालणारं राज्य ते प्रजासत्ताक, आणि लोकांच्या मताने चालणारं ते लोकशाही. एकच देश दोन्ही असू शकतो. आपल्या उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे दोन्ही शब्द शेजारी आहेत.

पुढच्या वेळी ‘नवा अध्यादेश’ अशी बातमी आली तर फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर तो कागद काढा, फुकट मिळतो. पहिल्या परिच्छेदात ‘राज्यघटना आणि कायद्यांनी मला दिलेल्या अधिकारान्वये’ अशा अर्थाची ओळ असते, तिथे कोणत्या कायद्याचं कोणतं कलम दिलं आहे ते बघा. नेमकं कलम नसेल आणि नुसती घटनेवर भिस्त असेल तर कोर्टात ओढाताण होण्याची शक्यता जास्त. मग आदेश कोणत्या तारखेपासून आणि कोणाला लागू, तेवढं कलम वाचा. १४१६० मधलं तेच कलम मी मावशीला मराठीत लिहून पाठवलं आहे.