गळती धरूनच संघ बांधा

एप्रिल २०२५मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात ती विनंती मागेही घेतली. जुलैमध्ये पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. दोन्ही वेळा आपल्याकडे वाद रंगला तो निष्ठेवर. इथे अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) जवळून पाहताना मला वाटतं, आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतोय. खेळाडू जाणारच. त्याच्या जागेवर कोण उभा राहणार आणि त्याला तयार कोणी केलं, हे विचारायला हवं.

इथली गळती आपल्या कल्पनेपलीकडची आहे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८मध्ये सुरू झालं. २०२१पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. त्यात २०२५मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीने ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून संघावरच १०५ खेळाडूंची मर्यादा घातली. पूर्वी वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना खेळणारी मुलं धरून मोठ्या संघांत १२०च्या वर खेळाडू असायचे. आता प्रत्येक जागा मोजून द्यावी लागते.

म्हणून चांगले प्रशिक्षक तक्ता मांडतात: आडवी कॉलेजची वर्षं, उभ्या मैदानावरच्या जागा. सगळ्यात अवघड रकाना ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या फळीचा. मैदानात पाचच उतरतात (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल), पण संघात साधारण पंधरा लागतात, कारण सरावात दोन पूर्ण फळ्या उभ्या राहून वर दुखापतींना जागा उरली पाहिजे. शाळेतून आलेल्या मुलाला या जागेसाठी ताकद आणि वजन कमवायला दोन-तीन वर्षं जातात. एका वर्षी भरती चुकली तर फटका तिसऱ्या वर्षी बसतो.

ओहायो स्टेट विद्यापीठाचा २०२४चा हंगाम बघा. ऑक्टोबरमध्ये लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनची टाच. गार्ड डोनोव्हन जॅक्सन टॅकलला सरकला, कार्सन हिन्झमन सेंटरला आला, आणि तरी संघ राष्ट्रीय विजेता ठरला. एकाच खेळाडूकडून दोन जागांचा सराव करून घेणं म्हणजे काय, ते इथे दिसलं.

फळी पोकळ होते ती मात्र मधून. पहिल्या फळीतल्यांना खेळायला मिळतं, नवख्यांना धीर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा राखीव मुलगा आधी निघतो. ती भोकं पोर्टलमधून शेवटच्या वर्षाचे खेळाडू आणून बुजवली की पुढच्या वर्षी तेही जातात आणि तीच भोकं पुन्हा पडतात. कोलोरॅडो विद्यापीठाने २०२३मध्ये जवळपास अख्खा संघ बदलला, पहिले तिन्ही सामने जिंकले, आणि हंगाम ४-८ असा संपवला. ऑफेन्सिव्ह लाइन इतकी कच्ची होती की तिच्यामागे उभा राहून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक सतत जमिनीवर दिसायचा.

उपाय सरावात आहे. दुसऱ्या फळीला सरावातला निदान एक तृतीयांश वेळ पहिल्या फळीच्याच वेगाने मिळाला पाहिजे. २०१८पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो, म्हणजे कॉलेजकडून खेळण्याच्या मोजक्या वर्षांतलं एक वर्ष खर्ची पडत नाही. हे चार सामने सोप्या विजयांत एकदम उधळू नयेत. एक-दोन नोव्हेंबरसाठी राखावेत, तेव्हाच दुखापतींनी संघ रिकामा झालेला असतो.

पोर्टल जसंच्या तसं भारतात यावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्यात घरच्या मुलाला वाट पाहायला वेळच उरत नाही. पण तो तक्ता घ्यायला काय हरकत आहे? ४२ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईची गळती यशामुळेही होते: भारत आणि भारत अ संघ दरवर्षी खेळाडू नेतात, हे आधीच ठाऊक असतं. मग हंगामाआधीच प्रत्येक जागेवर तीन नावं वयासह लिहावीत, आणि तिसऱ्या नावाचा सलामीवीर २३ वर्षांखालील संघात खरोखर सलामीलाच खेळतोय ना, हे निवड समितीने तपासावं. तो तिथे पाचव्या क्रमांकावर येत असेल, तर मुंबईकडे तिसरा सलामीवीर नाही.