गाणं, तीन प्रतींत

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फोनमध्ये हवं ते गाणं क्षणात वाजतं, हे मला माहीत आहे. बायकोने सांगितलं आहे, ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं आहे, मुलीने तर प्रात्यक्षिकच करून दाखवलं आहे. तेव्हा कृपा करून आता आणखी कोणी सांगू नये. मला मिनीडिस्कवरच ऐकायचं आहे. माणसाला एखादा निरुपद्रवी नाद असू शकतो. लोक मॅरेथॉन पळतात, त्यांना कोणी विचारत नाही की मेट्रो असताना पळता कशाला.

टोकियोत, त्यातही निशि-कासाईला राहत असलात तर हा नाद लागायला फार कष्ट पडत नाहीत. इथल्या सेकंड हँड दुकानांत मागच्या बाजूला 'जंक' लिहिलेली प्लॅस्टिकची टोपली असते. चाललं तर नशीब तुमचं, नाही चाललं तर परत आणायचं नाही. त्या टोपलीत वायरींच्या गुंत्याखाली मला एक नेटएमडी, म्हणजे संगणकाला जोडता येणारा मिनीडिस्क प्लेयर सापडला, आणि कोणा अनोळखी माणसाने सुबक अक्षरात लेबलं लिहिलेल्या थोड्या डिस्क. मशीन एका पेन्सिल सेलवर चालतं. घरी येऊन सेल घातला, डिस्क सरकवली, आतून किर्र-टक-टक झालं आणि इवल्याशा पडद्यावर अक्षरं सरकू लागली. मी खूश. इथवर सगळं सुरळीत होतं, कारण तेव्हा घरात मी एकटाच होतो.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनीडिस्क १९९२ साली जपानमध्ये बाजारात आली. ६४ मिलिमीटरची तबकडी, तिला प्लॅस्टिकचं कवच, कवचाला सरकतं दार. लिहिताना एका बाजूने लेझर तेवढाच ठिपका साधारण १८० अंशांपर्यंत तापवतो आणि दुसऱ्या बाजूने चुंबक त्याची दिशा फिरवतो. त्यामुळे पुसा, लिहा, पुन्हा पुसा. आपल्याकडे ती फारशी पोचलीच नाही, पण जपानात घराघरांत होती, कारण इथे सीडी भाड्याने मिळायच्या. सीडी आणायची, रात्री मिनीडिस्कवर उतरवायची, दुसऱ्या दिवशी परत. कॅसेट भरून देणारा आपला कोपऱ्यावरचा दुकानदार करायचा तेच काम, पण कायद्याच्या चौकटीत. कोऱ्या डिस्कच्या किमतीतच कलावंतांची भरपाई धरलेली असायची. म्हणजे पैसे आधीच वसूल.

तरीही २००१ मध्ये यूएसबीची वायर लावून संगणकातून गाणी भरायची सोय झाली, तेव्हा सोबत दिलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघायचं. तुमच्याच सीडीवरून घेतलेलं तुमचंच गाणं ते कुलूपबंद करायचं आणि तीनदाच बाहेर सोडायचं. चौथ्यांदा हवं असेल तर आधीची एक प्रत परत जमा करा. प्लेयरवरच ती पुसून टाकली असेल तर तो हक्क बुडाला. त्याहून संतापजनक म्हणजे उलटा रस्ता बंद. माइक लावून तुम्ही स्वतःच्या आजीची ओवी रेकॉर्ड केलीत, तरी ती वायरीतून संगणकात परत घेता यायची नाही. आजीच्या ओवीवर हक्क कोणाचा, हे आजीला न विचारता ठरलेलं. हा अडसर दूर करणारं मशीन आलं २००६ मध्ये. तोवर लोक निघून गेले होते. मग मिनीडिस्क पडली कशी, यावर लेख येतात, चर्चा होतात, 'एमपी३ आलं ना' म्हणतात. एमपी३ आलं हे खरं, पण गिऱ्हाइकाला दारात अडवून त्याची झडती कोणी घेतली, ते कोणी लिहीत नाही.

असो. आता काही भल्या माणसांनी हौसेपोटी 'वेब मिनीडिस्क' नावाची सोय केली आहे. क्रोममध्ये पान उघडायचं, प्लेयर जोडायचा, गाणी ओढून टाकायची. कसली मोजणी नाही, कुलूप नाही. विंडोज असेल तर त्याआधी झॅडिग नावाच्या आयुधाने ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि त्या यादीत चुकून भलत्याच ओळीवर बोट पडलं तर आपला माउस गतप्राण होतो. माझा झाला नाही. सगळं व्यवस्थित जोडलं गेलं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

बाबा. माझे सासरे. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. सारी हयात एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेली, त्यातला शेवटचा काळ इन्स्पेक्शनला. इन्स्पेक्शनचा माणूस निवृत्त होतो, इन्स्पेक्शन होत नाही. आल्या आल्या त्यांनी आमचा फ्रिज तपासायला घेतला. जपानात तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात, हे त्यांच्या गावी नव्हतं. दह्याच्या डब्यावर २५.०९.१२ असं होतं. बाबांनी ते २५ सप्टेंबर २०१२ असं वाचलं, आणि मुलगी-जावई वर्षानुवर्षं शिळं दही खातात या निष्कर्षाप्रत येऊन तीन चांगले डबे मोरीत रिकामे केले. वर हिला म्हणाले, "सांगू नकोस त्याला, वाईट वाटेल."

तर, "काय चाललंय?"

"गाणी भरतोय, बाबा. कॉम्प्युटरमधून यात."

"कोणाची?"

"तुम्हीच दिलेल्या कॅसेटींतली. तो मारवा आहे ना..."

"माझा मारवा?" चष्मा कपाळावर गेला. "आकाशवाणीवरून मी टेप केलेला?"

"तोच."

"परवानगी घेतलीत?"

"कोणाची?"

"माझी."

मी परवानगी मागितली. ती 'तूर्तास' मिळाली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पण आत्ता? मारवा संधिप्रकाशातला राग. रात्री साडेआठला?"

"भरायला वेळेचं बंधन नसतं, बाबा. वाजवायला असतं."

"हं." हे पटलं नव्हतं, फक्त नोंदवून घेतलं होतं. "प्रती किती काढता येतात?"

"हव्या तितक्या. पूर्वी तीनच काढता यायच्या."

बाबांनी खुर्ची ओढली. "तीन? कशा?"

मी वर लिहिलं तेच सगळं, लिहिलं त्याहून जास्त तावातावाने सांगितलं. माझा राग चढत गेला आणि बाबांचा चेहरा उजळत गेला. परदेशात येऊन एवढ्या दिवसांनी त्यांना ओळखीचं काहीतरी भेटलं होतं.

"वा. म्हणजे तीन इश्यू झाले की खातं बंद. एक जमा आलं की पुन्हा एक इश्यू. आणि जमा न करता परस्पर पुसलं तर?"

"तर हक्क गेला! आहे का न्याय?"

"जायलाच हवा. व्हाउचर न करता तुम्ही कॅश जाळलीत तर बँकेने काय करायचं?"

"अहो बाबा, गाणं माझं, डिस्क माझी, मशीन माझं!"

"लॉकरमधले दागिनेही गिऱ्हाइकाचेच असतात. तरी किल्ल्या दोन लागतात." ते शांतपणे म्हणाले. "आणि परत कॉम्प्युटरमध्ये काढून घेता येत नव्हतं म्हणता?"

"स्वतःचं रेकॉर्डिंगसुद्धा नाही!"

"जमा होतं, निघत नाही. पीपीएफ."

"पीपीएफ पंधरा वर्षांनी तरी निघतो!"

"मग हे कधी निघायला लागलं?"

"दोन हजार सहाला."

"सुरू कधी झालं होतं?"

"ब्याण्णवला."

बोटांच्या पेरांवर हिशेब झाला. "चौदा. एक वर्ष आधीच दिलं की हो त्यांनी."

यावर मी काय बोलणार होतो? आतून हिच्या हसण्याचा आवाज आला. या घरात माझी बाजू घेणारं कोणी नाही, हा मुद्दा वेगळा.

मग बाबांनी नातीची एक न वापरलेली वही घेतली, पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, राग, इश्यू तारीख व वेळ, जमा तारीख, शेरा, सही. एका रागाला तीन ओळी. ज्या नियमातून जगातल्या हौशी लोकांनी रात्री जागून सुटका मिळवली, तो नियम निशि-कासाईच्या एका फ्लॅटमध्ये, पेन्सिल आणि पट्टीच्या जोरावर, पुन्हा अमलात आला. "मेकर तुम्ही, चेकर मी," बाबा म्हणाले. "एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही. तिथेच घोटाळे होतात."

पुढचा वाद जागेवरून. ८० मिनिटांच्या डिस्कवर नेहमीच्या दर्जात ८० मिनिटं मावतात, एलपी-टू या उतरत्या दर्जात १६० आणि एलपी-फोर या त्याहून खालच्या दर्जात ३२०. बाबांचं मत अर्थातच ३२०. बचत ती बचत. मी म्हटलं, एलपी-फोरमध्ये तानपुरा बादलीत बुडवून वाजवल्यासारखा येतो. ते म्हणाले, त्यांच्या रेडिओवर तो तसाच यायचा. तरी मी नेहमीच्या दर्जावर अडून राहिलो आणि त्याची शेऱ्याच्या रकान्यात 'मेकरच्या आग्रहावरून' अशी नोंद झाली.

मग नाव. देवनागरी या मशीनला दिसत नाही, म्हणून रोमन अक्षरं. बाबांनी सांगायला सुरुवात केली: राग, ताल, विलंबित की द्रुत, गायक, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, केंद्र, वार, पाऊस होता त्यामुळे थोडी खरखर, आणि शेवटी ध्वनिमुद्रण म्हणून स्वतःचं नाव, त्यापुढे निवृत्त. सगळी नावं मिळून एका डिस्कवर साधारण १७०० अक्षरांचीच जागा असते, असं मी सांगून पाहिलं. "मग तबला राहू दे," ते म्हणाले. स्वतःचं नाव राहिलं.

अखेर बटण दाबलं. नेहमीच्या दर्जात गाणं वाजतं त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त, एवढाच काय तो वेग. तासाभराचा ख्याल असेल तर भरायलाही चाळीस मिनिटांच्या आसपास. बाबा वही मांडीवर घेऊन टक्केवारी वाचत बसले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे हिने पकडलं, ओला कचरा, सुका कचरा, जळणारा, न जळणारा, उद्याचा वार कोणता, यात गेली पाच मिनिटं.

आता एक समजून घ्या, कारण इथेच माझ्या जिवाचा तळतळाट आहे. मिनीडिस्कवर गाणं उतरलं म्हणजे काम झालं असं नसतं. शेवटी मशीन टीओसी लिहितं. टीओसी म्हणजे डिस्कची खातेवही, कोणतं गाणं कुठून कुठवर आहे त्याची यादी. ती लिहून होईपर्यंत गाणं आत असून नसल्यासारखं. त्या वेळात धक्का द्यायचा नाही, वायर काढायची नाही, वीज तोडायची नाही. जगात कोणाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये असा एकच माणूस असेल, तर तो बँकेच्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेला माणूस.

मी बाहेर आलो तर प्लेयरच्या सेलचं झाकण उघडं. सेल नाही. बाबा सोफ्यावर ताठ बसलेले, दंडाला पट्टा, समोर बीपीचं मशीन घुर्र करतंय.

"बाबा! सेल..."

त्यांनी मोकळ्या हाताने थांबण्याची खूण केली आणि मशीनकडे बोट दाखवलं. बीपी मोजताना बोलायचं नसतं. त्यांनी नाही, आणि समोरच्यानेही नाही, असा त्यांचा नियम. म्हणून मी उभा राहिलो. पट्टा फुगला. पट्टा थांबला. फुस्स फुस्स करत हवा सोडू लागला. पडद्यावरचा आकडा सावकाश उतरत गेला, आणि माझ्या मारव्याच्या सेलवर माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब मी हाताची घडी घालून बघत राहिलो.

"एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी," बाबा म्हणाले. "उत्तम. यातला एक सेल गेला होता. रोज नऊला घेतो मी."

"ड्रॉवरमध्ये नवीन सेल आहेत ना!"

"ते पाकीट फोडावं लागलं असतं. आणि तुमचं तर शंभर टक्के झालं होतं, मी स्वतः बघितलं."

मी सेल परत मागून घेतला, घातला. पडद्यावर अक्षरं आली: ब्लँक डिस्क.

"टीओसी लिहायच्या आधीच सेल गेला, बाबा. गाणं उतरलं, पण नोंद झाली नाही."

त्यांना हे पहिल्यांदाच लागलं. "नोंद झाली नाही?" घाईघाईने वही उघडली, आणि मग जीव भांड्यात पडला. "झाली आहे की! ही काय. मारवा, इश्यू एक, नऊ वाजता. खाली माझी सही."

"वहीत झाली. डिस्कवर नाही."

"म्हणजे फरक आला." बाबांनी चष्मा पुसला. फरकाने ते घाबरत नाहीत, फरकावर त्यांचा संसार चालला आहे. "फरक आला की उलगडा होईपर्यंत सस्पेन्सला टाकायचं. मारवा सस्पेन्स अकाउंटला. मार्च एंडिंगला निकाल लावू."

"मार्चमध्ये तुम्ही पुण्यात असणार!"

"वही नेईन ना सोबत."

"अहो, पण मी आत्ताच्या आत्ता पुन्हा भरतो. त्यात काय आहे?"

"भरा की. नाही कुठे म्हणतोय? तो इश्यू दोन." पेन्सिलीचं टोक दुसऱ्या ओळीवर टेकलं. "म्हणजे मग एकच उरतो. जरा जपून."

मी दाद मागायला हिच्याकडे बघितलं. "दोन तर दोन," ती म्हणाली. "तसंही फोनवर आहेच ना तो."

मारवा अजून सस्पेन्सलाच आहे. चेकर झोपल्यावर गुपचूप भरावा असं मनात होतं; पण पुन्हा बीपी घ्यायची म्हणून सेल त्यांनी रात्रीच नेला, मशीन उशाशी आहे, आणि ड्रॉवरमधल्या नव्या पाकिटात सेल किती, ते वहीच्या शेवटच्या पानावर सहीनिशी लिहून ठेवलेलं आहे.