पाहणाऱ्याला तीन वर्षं? कायद्यात तसं काही नाही

मावशीचा फोन आला. "अरे, मी ते टेलिग्राम मोबाइलमधून काढूनच टाकलं. पोलीस नाही ना यायचे?" मावशी बहात्तर वर्षांची. तिचा आजवरचा सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे मी चौदाचा असताना बाराचा सांगून मला एसटीतून अर्ध्या तिकिटावर नेणं.

घाबरण्याचं कारण म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. तो मलाही तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा : नवा कायदा आला आहे, पायरेटेड सिनेमा नुसता पाहिला तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, देशाचं वर्षाला वीस हजार कोटींचं नुकसान आता थांबणार, आणि या कायद्यावर शंका घेणारे चोरांचे वकील आहेत. खाली जोडलेले हात आणि 'सगळ्यांना पाठवा'.

पहिल्यांदा कैदेचं बघू, कारण मावशीची झोप त्यानंच उडवली आहे. 'नवा कायदा' म्हणजे २०२३ च्या जुलैअखेरीस संसदेनं मंजूर केलेली सिनेमॅटोग्राफ कायद्यातली दुरुस्ती. तिनं दोन गोष्टींना मनाई केली. एक, थिएटरात परवानगीशिवाय सिनेमा रेकॉर्ड करणं. दोन, चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणं. शिक्षा किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं. दंड किमान तीन लाख, आणि वर सिनेमाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. म्हणजे तीन लाख ही दंडाची सुरुवात आहे. मेसेजवाल्यानं तिलाच कमाल करून टाकलं. आणि घरी बसून पाहणारा या दोन्ही कलमांत कुठेच नाही.

मग 'पाहणं' आलं कुठून? हे भूत जुनं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ब्लॉक केलेली साइट उघडली की पडद्यावर एक इशारा यायचा : इथला मजकूर पाहणं, उतरवणं, दाखवणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा असून तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'ढिशूम' सिनेमाच्या पायरसीवरून मुंबई उच्च न्यायालयात जे प्रकरण चाललं, त्यातून तो आला होता. वर्तमानपत्रांनी 'नुसतं पाहिलं तरी जेल' असे मथळे दिले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नंतर स्पष्ट केलं की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीरपणे दाखवणं, विकायला किंवा भाड्यानं देणं यात आहे. इशाऱ्याचा मजकूर बदलावा लागला. पण खुलाशाला फॉरवर्ड कोण करतो?

त्या इशाऱ्यातले तीन लाखही कॉपीराइट कायद्यात सापडत नाहीत. कलम ६३ खाली दंड पन्नास हजार ते दोन लाख, कैद सहा महिने ते तीन वर्षं. पुन्हा गुन्हा केला तरी दंडाची कमाल मर्यादा दोन लाखच. आता गंमत बघा. याच कायद्यात ६३बी नावाचं कलम आहे, आणि त्यात चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून नुसतं वापरणं हाही गुन्हा आहे. म्हणजे वापरणाऱ्याला पकडायचं असेल तर तसं कसं लिहायचं हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. सिनेमा पाहणाऱ्याबद्दल त्यांनी तसं लिहिलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये, पायरसी साइटवाल्यांविरुद्धच्या निकालात, अशा प्रेक्षकांना आधी ताकीद आणि न ऐकल्यास दंड असं धोरण करता येईल का ते बघा, असं सरकारला सुचवलं. पाहणं आधीच गुन्हा असतं तर हे सुचवायची गरजच नव्हती.

याचा अर्थ सगळं माफ आहे असा नाही. सिनेमा उतरवून ठेवणं म्हणजे प्रत करणं, आणि प्रत करण्याचा हक्क मालकाचा. खासगी वापराची सवलत तिथवर ताणता येईल का, यावर वाद होऊ शकतो. टॉरेंट तर उतरवता उतरवताच इतरांना वाटत असतं. आणि फाइल ग्रुपवर टाकणं हे सरळसरळ वाटप. त्यात कमाई नसेल तर न्यायालय किमान शिक्षेहून कमी शिक्षा देऊ शकतं, एवढीच सूट. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. घाबरायचंच असेल तर इथे घाबरावं.

वीस हजार कोटी. हा आकडा मेसेजवाल्याच्या डोक्यातून आलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं तो 'वीस हजार कोटींपर्यंत' असा दिला होता. पण त्याचं वजन करून बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या अहवालानं २०२३ सालच्या पायरसीचा पसारा २२,४०० कोटींचा सांगितला, त्यातले १३,७०० कोटी थिएटरच्या सिनेमांचे. त्याच २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या भाषांच्या सगळ्या सिनेमांचा गल्ला ऑरमॅक्स या बाजार-संशोधन कंपनीच्या हिशेबानं १२,२२६ कोटी होता. चोरीचा पसारा दुकानातल्या विक्रीपेक्षा मोठा! फुकटात मिळालं म्हणून पाहणारा प्रत्येक जण तीनशेचं तिकीट काढून गेला असता, असं धरल्याशिवाय या पसाऱ्याला 'नुकसान' म्हणता येत नाही. नुकसान खरंच होतं. दुसऱ्या आठवड्यात शो मिळेल की नाही या चिंतेत असलेल्या मराठी निर्मात्याला तर विचारूच नका. पण त्याचं दुःख वीस हजार कोटींत मोजता येत नाही.

'आता थांबणार' याबद्दल फार लिहीत नाही. तीन वर्षांची कैद कॉपीराइट कायद्यात १९८४ पासून आहे. तेव्हा व्हिडिओ कॅसेट होत्या. पुढे सीडी आली, टॉरेंट आलं, टेलिग्राम आलं, तीन वर्षं आहेत तिथेच आहेत. 'उडता पंजाब' २०१६ मध्ये प्रदर्शनाआधीच फुटला, त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. थिएटरात मोबाइल धरणाऱ्याला पकडून ती गळती थांबली नसती. आणि वापरणाऱ्यालाच धरायचा प्रयोग फ्रान्सनं २००९ च्या कायद्यानं करून पाहिला : दोन इशारे, तिसऱ्यांदा इंटरनेट बंद. इंटरनेट तोडण्याची ती शिक्षा २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच रद्द केली.

राहिले 'चोरांचे वकील'. शंका घेणाऱ्यांचं म्हणणं काय आहे ते मेसेजवाल्यानं विचारलेलंच नाही. ते चोराला सोडा म्हणत नाहीत. कुठलं दार बंद करायचं हे कोण ठरवणार, एवढंच विचारतात. २०१२ मध्ये एका तमिळ सिनेमासाठी मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश निघाला आणि इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन या एरवी वैध साइट अख्ख्याच बंद केल्या; ब्लॉक फक्त नेमक्या लिंकपुरता, हे न्यायालयाला जूनमध्ये सांगावं लागलं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकावेळी दिल्ली उच्च न्यायालयात बंद करायच्या ४७२ साइटची यादी आली, तीत गूगल डॉक्सही होतं. यादी पुढे २१९ वर आली. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांसाठी अडीच हजारांहून जास्त साइट बंद झाल्या, त्यात इंटरनेट आर्काइव्ह! जिथे स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं आपण शोधतो, तेच.

हे सगळं न्यायालयात जाऊन झालेलं. २०२३ पासून दुसरी वाट आहे : मंत्रालयानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करायची, त्यानं सांगितलं की ४८ तासांत मजकूर हटवायचा. निर्मात्याची घाई मला कळते. शुक्रवार ते रविवार एवढाच त्याचा हंगाम, आणि कोर्टाची तारीख काही शुक्रवारी दुपारी मिळत नाही. म्हणून ४८ तासांना माझा विरोध नाही. पण काय बंद केलं त्याची यादी लोकांना दिसली पाहिजे, आणि चुकून बंद झालेल्याला दाद मागायला तितकाच झटपट रस्ता हवा.

मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. पुन्हा टाक टेलिग्राम, कुणी येत नाही, एवढंच म्हणालो. शिवाय फाइल ग्रुपवर टाकणं मात्र गुन्हा आहे, हेही.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, पण दर शनिवारी ग्रुपवर नवा पिक्चर टाकतात ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका. आणि हा मेसेजही त्यांनीच पाठवलाय."